सायकलवरून पडले ते कुणाला सांगितलं नाही

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक शिक्षिका शाळेतून येताना सायकलवरून पडली. उठली, साडी झटकली आणि "काही नाही, रक्तबिक्त नाही" म्हणत हसत घरात गेली. मी ओट्यावर बसले होते. मी तिच्या मागोमाग गेले आणि तिच्या दारात उभी राहून तिला इतकी रागावले, की तिच्या सासूला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. तसं ते एकदा फिरलं होतंच. ते कसं, तेच सांगायला बसले आहे.

मी लेखिका नाही. एकतीस वर्षं नर्सबाई होते आणि आयुष्यात जे काही लिहिलं ते सरकारी रजिस्टरात: जन्म, मृत्यू, लसी, गोळ्या. तेव्हा भाषा सरळ असेल. ज्यांच्या डोक्याला मार लागला आहे आणि ज्यांना वाटतंय की आपल्याला काही झालं नाही, त्यांच्यासाठी हे आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

पडायचं नाही

महाराष्ट्र होऊन दहा-अकरा वर्षं झाली असतील. मेहकर तालुक्यातल्या एका गावी, उपकेंद्रात, मी एकटी नर्स होते. खोली हाच दवाखाना. पुढच्या अर्ध्या भागात टेबल आणि औषधांचं कपाट, पडद्यामागे माझी खाट आणि स्टोव्ह. वय चौतीस. नवरा होता, पण त्यानं दुसरी केली होती आणि माझ्याकडे तो कुंकवापुरता उरला होता. माझ्या भावानं, दादानं, मला रेटून पुन्हा सासरी न पाठवता नर्सिंगच्या ट्रेनिंगला घातलं. हे उपकार मी विसरत नाही. पुढे त्याच्याबद्दल थोडं वाईट लिहिणार आहे, म्हणून हे आधीच लिहून टाकते.

माझ्याकडे पाच गावं होती आणि खात्यानं दिलेली एक लेडीज सायकल. पहिल्या वर्षी बाई सायकलवर दिसली की लोक हातातलं काम टाकून बांधावर यायचे. दुसऱ्या वर्षी सवय झाली, पण नजर होतीच. मी कोण ते त्या गावात सगळे ओळखून होते, आम्ही बौद्ध. बाळंतपणात जात विचारायला कुणाला सवड नसते. बाळ धुऊन झालं की मग ती आठवते आणि चहाची कपबशी वेगळी येते. मी ती कपबशी तशीच ठेवून सायकलवर बसायची. सायकलवर बसलं की मला कुणाचं काही लागत नसे.

आता पडण्याबद्दल. सायकलवरून बाप्यानं पडायला हरकत नसते. मास्तर पडायचे, पोस्टमन पडायचा, दूधवाला तर दुधासकट पडायचा, आणि मग हे सगळे पारावर बसून त्याच्या गोष्टी सांगायचे. बाई पडली तर मात्र "सांगतलं होतं न" म्हणायला अख्खं गाव तयार. माझ्या आधीच्या नर्सबाई एकदा ओढ्यात पडल्या. महिन्याच्या आत त्यांची सायकल परत गेली. कुणीतरी वर अर्ज केला होता, बाईमाणसाच्या जिवाला धोका आहे म्हणून. जिवाची काळजी ती! त्यानंतर त्या बिचाऱ्या पाचही गावं पायी हिंडल्या. मी हे ऐकून होते. म्हणून ठरवलं होतं, पडायचं नाही. आणि पडलेच, तर सांगायचं नाही.

पडले

दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी चालू होती. त्या वर्षी पाऊस लांबला होता. बैलगाड्यांनी गाडरस्ता तुडवून काढला आणि मग उन्हानं तो वाळून दगड झाला. काळ्या मातीतली वाळलेली चाकोरी ज्यानं पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको. सायकलचं चाक तिच्यात एकदा शिरलं की हँडल आपलं राहत नाही.

दुपारी तीनचा सुमार. शेजारच्या गावचा एक माणूस धावत येऊन सांगून गेला होता, बायको अडली आहे, जनामाय आधीच गेली आहे, तुम्ही लवकर या. जनामाय म्हणजे त्या भागातली सुईण. साठीच्या पुढची, वाळकुडी, दातांना मिश्री घासत बसणारी. खात्याच्या हिशेबात ती अडाणी आणि मी शिकलेली. पण पोटावर हात ठेवून बाळ आडवं की उभं हे ती माझ्या आधी सांगायची. आमची रोज भांडणं व्हायची आणि रोज चहा व्हायचा. त्या गावात मला "जेवली का वं?" असं विचारणारं ते एकच माणूस होतं.

उतारावर मी ब्रेक सोडला. पुढे काय झालं ते मला आठवत नाही, आणि हीच गोष्ट मी नर्स असून मनावर घेतली नाही. आठवतं ते एवढंच, की मी आडवी आहे, तोंडात माती आहे आणि सायकलचं चाक अजून फिरतंय. डाव्या कानाच्या वर हात लावला. टेंगूळ. हाताकडे पाहिलं. रक्त नव्हतं. मग पहिलं काम काय केलं, तर पिशवी उघडली. स्पिरिटची बाटली शाबूत, कात्री जागच्या जागी, दोरा कोरडा. मला हायसं वाटलं. पिशवी सरकारी होती ना, डोकं घरचं होतं.

जवळच्या वावरात बाया कापूस वेचत होत्या, पण पाठमोऱ्या. कुणी पाहिलं नाही म्हणून मला जो आनंद झाला, तो आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बाळंतपण नीट झालं. मुलगी झाली. जनामायनं माझ्याकडे पाहून विचारलं, "पदराले माती काऊन वं बाई?"

"वाटेत बसले होते थोडी."

मी सायकल हातात धरून चालत परत आले. गावाजवळ आल्यावर मात्र तिच्यावर बसले, लोकांनी पाहावं म्हणून.

सकाळच्या उलट्या

पहिले दहा-बारा दिवस डोकं ठणकलं. मी ॲस्पिरिन घेतली. औषधांचं कपाट ताब्यात असलेल्या माणसाला आजारपण लपवणं फार सोपं जातं. मग जरा बरं वाटलं. मग पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी उलट्यांसकट. सकाळी उठलं की पोटातून ढवळून यायचं. मी खोलीच्या मागे जाऊन ओकायची. त्याच वेळी बाया विहिरीवर जायच्या.

मी बाळंतपणं करणारी बाई. सकाळी ओकणारी बाई दिसली की गाव काय म्हणतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं, कारण मीही आयुष्यभर तेच म्हणत आले होते. तोंडाला पदर लावून बाई दारात आली की मी तिचं डोकं नाही तपासायची, पाळी कधी आली ते विचारायची. आता तोच प्रश्न विहिरीवर माझ्याबद्दल चालू झाला. मी गेले की बोलणं थांबायचं. एकीनं हळूच माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मी पाहिलेलं पाहून बादलीकडे वळली.

मी काय केलं? सरळ उभी राहून "माझं डोकं दुखतंय हो" असं ओरडायला हवं होतं. मी उलट्या लपवायला लागले. खाटेखाली डबा ठेवायची, त्यात ओकायची आणि वर राख टाकायची. उजव्या हातातून कप निसटायला लागला. एकदा थर्मामीटर हा शब्दच सापडेना. समोरच्या पोराच्या काखेकडे बोट दाखवून मी "ते... ते" करत राहिले. त्या पोराची आई घाबरून त्याला घेऊन गेली. मला वाटलं, झोप नाही म्हणून होत असेल. पडले होते हे तोवर मीच विसरून गेले होते. सहा आठवडे झाले होते आणि ती गोष्ट मी इतकी नीट लपवली होती, की मलाही सापडेना.

एका दुपारी जनामाय आली. आत येऊन तिनं दार लोटून घेतलं. पदराखालून एक लोटा काढला, वर पान झाकलेलं.

"घे. एका घोटात पेऊन टाक. कडू हाये."

"काय आहे ते?"

"इचारू नको. मी कोणाले सांगत नाई. माह्या पोटात लय जनींचं हाये."

डोकं एवढं जड झालं होतं की मला कळायला वेळ लागला.

"जनामाय, तुला काय वाटतं गं माझ्याबद्दल?"

"मले काई वाटत नाई, पोरी. मानूस हाये. एकटं राहनं सोपं नसते. पन दिसाले लागलं तं कोनी सोडनार नाई तुले. नोकरी जाईन. भाऊ दारात उभा करनार नाई. पे, माय."

ती रागावून बोलली असती तर मी भांडले असते. तिचा आवाज मायेचा होता. जगात एकच माणूस माझ्या बाजूचं उरलं होतं, आणि तेही माझ्याबद्दल हेच धरून चाललं होतं. मी लोटा उचलला आणि दार उघडून बाहेर भिरकावला. तोंडाला येईल ते बोलले. अर्धे शब्द चुकले असतील, पण "पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नको" हे अगदी बरोबर आलं.

ती बाहेर गेली, वाकून लोटा उचलला, पदरानं पुसला आणि निघून गेली. त्यानंतर मला कुणी जेवलीस का असं विचारलं नाही.

दादा भिंतीकडे पाहत होता

आठ दिवसांनी महिन्याची औषधं घेऊन आलेल्या जीपच्या ड्रायव्हरला मी खाटेवर बरळताना सापडले. त्यानं मला चिखलीला दादाकडे पोचवलं. दादा तिथे हायस्कुलात शिक्षक होता. त्यानं त्याच जीपनं मला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. ड्रायव्हरकडून त्याला गावातली कुजबूज कळली असणार. वाटेत माझं डोकं त्याच्या खांद्यावर पडायचं आणि तो ते हळूच उचलून सीटला टेकवायचा.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "पाळी कधी आली होती?" मला उत्तर माहीत होतं, पण शब्द येईना. दादा भिंतीकडे पाहायला लागला. भिंतीवर आमचंच, खात्याचं, कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाचं पोस्टर होतं. तो ते वाचत होता की नाही कुणास ठाऊक.

डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली. उजव्या हातानं त्यांचा हात दाबायला सांगितलं. मी दाबला तसं त्यांनी मान वर केली आणि आवाज बदलला. "बाई, डोक्याला कधी मार लागला होता? आत्ता नाही. महिन्यापूर्वी, दोन महिन्यांपूर्वी. आठवून बघा. घाई नाही."

मला माती आठवली. तोंडातली माती. "चाक," मी म्हटलं. "चाक. चाक."

"सायकल? सायकलवरून पडलात?"

मी रडायला लागले. दोन महिन्यांत मला कुणी पहिल्यांदा बरोबर प्रश्न विचारला होता.

त्यांनी दादाला सांगितलं, डोक्यात रक्त साठत गेलंय, हळूहळू, कवटीच्या आत. उद्याच्या उद्या नागपूरला न्यावं लागेल, नाहीतर हातची जाईल. आणि मी दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा सुटला. बहीण मरायला टेकली आहे हे ऐकून माझ्या भावाला हायसं वाटलं होतं. पुढच्या क्षणी तो घाबरला, धावपळ करू लागला, त्यानं माझा हात धरला, सगळं खरं. पण तो मधला क्षण मी पाहिला. शब्द गेले होते, डोळे शाबूत होते माझे.

ज्यांचं कुणी येत नाही

मलकापूरला आगगाडीत घातलं, नागपूरला उतरवलं. न्हावी आला आणि त्यानं माझे केस काढले, कमरेपर्यंतचे. मी दादाला म्हटलं असेल काहीतरी, कारण त्यानं ते रुमालात बांधून घेतले. पुढे त्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. ऑपरेशनचं मला सांगता येण्यासारखं काही नाही. कवटीला डाव्या बाजूला दोन भोकं पाडली आणि काळं रक्त बाहेर काढलं, एवढंच. शुद्धीवर आले तेव्हा डोकं दुखत नव्हतं. दोन महिन्यांनी डोकं दुखत नाही म्हणजे काय, हे ज्याचं दुखलंय त्यालाच कळेल. मी तशीच पडून "थर्मामीटर, थर्मामीटर" म्हणत होते. शब्द परत आला होता.

पाचव्या दिवशी दादा गेला. शाळेत परीक्षा होत्या. "मी येतोच आठवडाभरानं," तो म्हणाला. तो आला तो थेट मला न्यायला, माणसाचं तेरावं होतं तितक्या दिवसांनी.

दवाखान्याचा दिवस फार शिस्तीचा असतो. पहाटे फिनेलचा वास, मग दूध, मग डॉक्टरांचा राउंड, मग वरण-भात. दिवसभर काही वाटत नाही. जीव जातो तो चार ते सहामध्ये, भेटायला येणाऱ्यांच्या वेळात. प्रत्येक खाटेभोवती माणसं, डबे, संत्री, कुजबूज, रडणं. माझ्या खाटेभोवती जागा. दुसऱ्यांची माणसं स्टूल कमी पडलं की माझं न्यायची. मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायची. झोपलेल्या माणसाला "तुमचं कुणी आलं नाही का?" असं विचारत नाहीत.

वॉर्डात एक आया होती, जाडजूड, पान खाणारी. दादा गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चार वाजता ती माझ्या खाटेवर येऊन बसली आणि पानाचा डबा उघडला. मी म्हटलं, काय हवंय? "काई नाई," ती म्हणाली, "बसतो जराशी. लांबून कोणी पाह्यलं तं वाटलं पायजे, बाईचं कोणी आलं." रोज दहा मिनिटं बसायची. बोलायची नाही फारसं. तिचं नावही मी विचारलं नाही, इतकी मी स्वतःतच होते. तिला हे कधी वाचायला मिळणार नाही, पण लिहून ठेवते.

जायच्या दिवशी ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणाले, "आता पडू नका. आणि सायकल चालवायचीच असेल तर डोक्यावर काहीतरी घाला. मोटारसायकलवाले टोप घालतात, तसं."

"सायकलवर कोण घालतं टोप?"

"कुणी नाही. पण जमीन सायकलवाल्याला वेगळी लागत नाही."

"तुम्ही कशावरून येता दवाखान्यात?"

ते हसले. "सायकलवर."

"आणि टोप?"

"तुमच्यासारखंच माझंही," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

बोडकी

चिखलीला दादाच्या घरी महिनाभर होते. वहिनीनं जेवायला कमी केलं नाही. पण डोक्यावरून पदर ढळला की ती इकडे तिकडे पाहायची. बाईचं बोडकं डोकं लोकांना एकाच गोष्टीची आठवण करून देतं. शेजारच्या आजीबाई हळहळून म्हणाल्या, "केव्हा गेले वं तुहे मालक?" मी म्हटलं, गेले नाहीत, त्यांचं उत्तम चाललंय. वहिनी त्यावर दोन दिवस रुसली.

दादा म्हणाला, "नोकरी सोड आता. अन् ते सायकलचं तर नावच काढू नको. तुले काही झालं असतं तं?"

झालं होतं दादा, आणि तेव्हा तू भिंतीकडे पाहत होतास. हे मी म्हटलं नाही. त्याला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, ते तसंच राहिलं. मी फक्त म्हटलं, "सायकल सोडली तर मी कुणाच्या घरी राहू?" तो "इथं राह्य" म्हणाला, पण वहिनीकडे पाहून म्हणाला. मी पिशवी भरली.

टोप घालावा का

लोक मला नेहमी विचारतात, एवढं होऊन तुम्ही पुन्हा सायकलवर कशा बसलात? आणि आता तरी पोरींना टोपाशिवाय बसू देता का? माझं मत सांगते, पटलं तर घ्या.

मी एकतीस वर्षांत पाच वेळा पडले. चार वेळा ढोपर फुटलं आणि एकदा हे झालं. तेव्हा सायकलवर बसलं की माणूस मरतं असं म्हणणारे मला खोटे वाटतात. पण "हळू तर चालते, तिला कायले टोप?" असं म्हणणारेही खोटेच. मी काही वेगात नव्हते. उभ्या माणसाच्या उंचीवरून डोकं खाली आलं, बस. डोक्याला तेवढं पुरतं.

तरीही एक गोष्ट आहे. त्या पाच गावांत मी वेळेवर पोचले नसते तर ज्या बाया गेल्या असत्या, त्यांच्या डोक्याला कोण टोप घालणार होतं? सायकल धोक्याची आहे, पण सायकल नसणं मी जास्त पाहिलंय. माझ्या आधीच्या नर्सबाईंची सायकल जिवाच्या काळजीनंच काढून घेतली होती ना? म्हणून सांगते, टोप घाला. मिळतो आता, हलका असतो, केस बिघडतात तर बिघडू द्या. पण टोप नाही एवढ्या कारणावरून पोरीची सायकल काढून घ्याल तर मी तुमच्याही दारात येऊन रागावेन.

आणि पडलात, तर घरात सांगा. रक्त नसलं तरी सांगा. महिना-दोन महिने कुणाचं तरी लक्ष राहू द्या. मी हे सगळं तेव्हा कुणाला सांगितलं असतं, तर नागपूर पाहावं लागलं नसतं असं नाही म्हणत, पण तो लोटा तरी माझ्या दारात आला नसता.

जनामायचा हात

गावात परत आले तेव्हा मार्च लागला होता. गावाचं ठरून गेलं होतं की नर्सबाई नागपूरला मोकळी होऊन आली. बोडकं डोकं मी रुमालानं घट्ट बांधायची, वर पदर. ते पाहून कुणी म्हटलं, कुठल्या देवाला दिले असतील केस, पाप फेडायला. दवाखान्यात कुणी येईना. मी रोज टेबल पुसायची, सिरिंज उकळायची आणि तशीच ठेवून द्यायची. जनामाय एकदा रस्त्यानं जाताना दिसली. तिनं माझ्या दाराकडे पाहिलं नाही. मीच सांगितलं होतं तसं.

सायकल भिंतीला टेकवलेली होती. दोनदा हँडल धरलं आणि दोन्हीदा ती परत भिंतीला टेकवली. पंधरा दिवस असे गेले. आणि एका सकाळी एक माणूस दारात आला. सून अडली आहे, बाळ पायाळू आहे, जनामायनं सांगितलंय नर्सबाईला आणा म्हणून. "माही बायको नाई म्हणे," तो खाली पाहून म्हणाला, "पन जनामाय म्हणे, तिले आना नाईतं मी चालली."

मी सायकलवर बसू शकले नाही. तिला हातानं ढकलत तीन मैल जवळजवळ धावत गेले. पिशवी तिच्यावर अडकवली होती म्हणून घेतली, असं स्वतःला सांगत.

खोलीत पाच-सहा बाया होत्या. मला वाट दिली, पण एकमेकींकडे पाहत. जनामायनं वर न पाहता सांगितलं, "एक पाय आला हाये. दुसरा मले भेटून नाई राह्यला." बस, मग आम्ही दोघी आणि ती पोरगी. तासभर. मध्येच पदर गेला, घामानं रुमाल सुटून खाली पडला. दोन्ही हात कामात होते. मागे कुणीतरी "अव्वा!" म्हटलं. बोटभर वाढलेले केस आणि त्यात दोन खुणा. मी मान वळवली नाही. रुमाल कुणी उचलला नाही.

मुलगा झाला. रडायला त्यानं जरा वेळ लावला, पण रडला. आंघोळ झाल्यावर जनामायनं त्याला मांडीवर घेतलं, तळहातात तेल घेतलं आणि आमच्याकडे घालतात तसं त्याच्या टाळूवर घालून बोटानं हळूहळू जिरवू लागली. मी भिंतीला टेकून बसले होते. बाळाला त्याच्या आजीकडे देऊन ती माझ्याजवळ सरकली आणि काही न विचारता तोच तेलकट हात माझ्या डोक्यावर ठेवला.

तिची बोटं फिरत फिरत त्या खळग्याशी आली आणि थांबली. चाळीस वर्षं टाळू चाचपलेली बोटं ती. मला माझीच नाडी तिच्या बोटाखाली लागत होती.

"इथं हाड नाई," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"नाही. भोक पाडलंय. आत रक्त साठलं होतं."

"कायनं?"

"सायकलवरून पडले होते, माय. कापसाच्या दिवसांत. कुणाला सांगितलं नाही."

जनामायचं बोट तिथंच होतं.

"अन् मी तुले..." ती म्हणाली. मी तिचं मनगट धरलं. किती वेळ धरलं होतं कोण जाणे.

मग तिनं नाक पुसलं. "लेकराची टाळू भरते वर्षा-दीड वर्षात. तुही?"

"माझी नाही भरत आता."

"तं झाक मग!" ती एकदम खेकसली, आणि मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं. तिनं कोपऱ्यातली घागरीखालची चुंबळ उचलली, लुगड्याच्या चिंध्यांची, जाडजूड. ती माझ्या डोक्यावर ठेवली, डाव्या बाजूला जरा ओढली, वरून माझा रुमाल घातला आणि हनुवटीखाली इतकी घट्ट गाठ मारली की मला थुंकी गिळता येईना. मी कशी दिसत असेन देव जाणे. कुणी हसलं नाही. त्या घरच्या सासूनं उठून चहा ठेवला.

जनामाय मला सायकलपर्यंत पोचवायला आली. मी हँडल धरलं. या वेळी बसले. तिनं मागून कॅरिअर धरून ठेवलं होतं, सोडेचना.

"सोड गं," मी म्हटलं.

"सोडतो. पन एक आयक." तिनं कॅरिअर सोडलं. "पडली तं मले सांगजो."

"हाव," मी म्हटलं आणि पायडल मारलं.